फ्लॉवरमध्ये घोळवलेला फ्लॉवर

मराठी पाककृतींच्या पुस्तकांत आणि दिवाळी अंकांच्या मागच्या पानांवर कॉर्नफ्लॉवर नावाचा पदार्थ वर्षानुवर्षं सुखाने नांदतो आहे. ‘दोन चमचे कॉर्नफ्लॉवर गार पाण्यात कालवून सूपला लावावं’ हे वाक्य इतक्या सुगरणींनी लिहिलं आणि इतक्या जणींनी वाचलं, की त्यात कोणाला काही वावगं दिसत नाही. दिसतं ते फक्त इंग्रजी माध्यमातल्या नातवाला. तो खुसुखुसू हसतो आणि आजीला समजावतो, की इंग्रजीत कॉर्नफ्लॉवर हे युरोपातल्या धान्याच्या शेतांत उगवणारं निळं रानफूल आहे. सूपमध्ये घालतात ते वेगळं. त्याच्या स्पेलिंगात डब्ल्यू आणि ई नसतात, त्यांच्या जागी यू असतो. आजी ‘बरं’ म्हणते आणि सूप ढवळत राहते.

आजीची बाजू वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. इंग्रजीत फूल या अर्थाचा शब्द आणि पीठ या अर्थाचा शब्द, दोघांचा उच्चार एकच. लंडनमधल्या बाईने दुकानात जाऊन नुसतं ‘फ्लॉवर द्या’ म्हटलं, तर दुकानदाराला तिच्या हातातल्या पिशवीकडे पाहूनच ठरवावं लागेल, की तिला गुलाब हवेत की मैदा. देवनागरी कानाला ऐकू येतं ते लिहिते, म्हणून आजीचं कॉर्नफ्लॉवर उच्चाराला धरून अगदी शुद्ध आहे. उलट नातवाच्या धाकाने सुधारणा करायला गेलेली मंडळी ‘कॉर्नफ्लोअर’ लिहितात, म्हणजे मक्याची फरशी.

आणि उच्चारावरच हे थांबत नाही. हे दोन शब्द मुळात दोन नाहीतच. दळलेल्या गव्हातला सर्वांत बारीक, पांढराशुभ्र भाग म्हणजे गव्हाचा ‘फुलोरा’, असं फ्रेंच म्हणत. इंग्रजांनी ती कल्पना उचलली आणि पिठालाही फूलच म्हणू लागले, फुलाच्याच स्पेलिंगने. यू घालून लिहिणारेही होते, डब्ल्यू घालून लिहिणारेही होते, आणि कोणी कोणाला हसत नव्हतं. सॅम्युएल जॉन्सनचा सुप्रसिद्ध इंग्रजी कोश १७५५ साली निघाला. त्यातही पिठाला स्वतंत्र घर मिळालेलं नाही, फुलाच्याच नोंदीत एका कोपऱ्यात त्याची सोय केलेली आहे. वेगळं स्पेलिंग सर्वमान्य व्हायला पुढे एकोणिसावं शतक उजाडलं. म्हणजे मराठी पाककृतींत आज जे चालू आहे, ते इंग्रजी भाषेच्या सर्वांत दरारा असलेल्या कोशकाराला १७५५ साली चालत होतं.

मराठीने या घोळात स्वतःचीही भर घातली आहे. इथे नुसतं ‘फ्लॉवर’ म्हटलं की डोळ्यांसमोर फूल येतच नाही, भाजी येते. कॉलीफ्लॉवरचं शेपूट तेवढं मराठीने ठेवलं आणि डोकं मंडईत टाकून दिलं. त्यामुळे हातगाडीवरच्या फ्लॉवर मंचुरियनची कृती मराठीत अशी होते : फ्लॉवरचे तुरे कॉर्नफ्लॉवरमध्ये घोळवावेत आणि तळावेत. मंचुरियन या पदार्थाचा मंचुरियाशी काडीचा संबंध नाही. मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात नेल्सन वँग यांनी १९७५ साली चिकनचा मंचुरियन पहिल्यांदा केला, असं सांगितलं जातं. त्याचा शाकाहारी अवतार गावोगावच्या जत्रेपर्यंत पोचला. आता त्या कढईत जे तळलं जातं ते जॉन्सनच्या कोशाप्रमाणे फुलात घोळवलेलं फूलच आहे.

इंग्रजीतल्या अशा जोड्यांकडे शाळेत शत्रू म्हणून पाहायला शिकवतात. ‘खालील शब्दांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न दोन गुणांना येतो आणि दोन्ही गुण घेऊन जातो. पण त्यांतल्या पुष्कळ जोड्या म्हणजे वाटण्या झालेले भाऊ आहेत. एकाच घरात जन्मले, एकाच नावाने वाढले, मग कोणीतरी मध्ये भिंत घातली आणि दारावर वेगवेगळ्या पाट्या लावल्या. धातू या अर्थाचा मेटल आणि धमक या अर्थाचा मेटल हे असेच. शेक्सपिअरच्या काळात कोणतंही स्पेलिंग कोणत्याही अर्थाने चाले. माणूस कोणत्या धातूचा बनला आहे, हा एकच विचार दोन्हींच्या मुळाशी आहे. पर्सन म्हणजे व्यक्ती आणि पार्सन म्हणजे पाद्री, हेही एकाच लॅटिन शब्दाचे वंशज. शहरी या अर्थाचा अर्बन आणि सुसंस्कृत या अर्थाचा अर्बेन हे सख्खे भाऊ. शहरात राहणारा माणूस सभ्यच असणार, या समजुतीतून जन्मलेले. ही समजूत संध्याकाळी सहाच्या विरार लोकलमध्ये चढण्यापूर्वीची असावी.

डिस्क्रीट ही जोडी तर वाटणीचा आदर्श नमुना. एकाचा अर्थ सुटासुटा, दुसऱ्याचा अर्थ बोलण्यावागण्यात जपून असणारा. लॅटिनमध्ये मूळ एकच, ‘वेगळं केलेलं’. स्पेलिंगात अक्षरं तीच, फक्त एकात शेवटचे दोन ई टीच्या आधी एकत्र राहतात आणि दुसऱ्यात टी त्यांच्या मधोमध येऊन बसतो. योगायोग असा, की ज्याच्या ई मध्ये भिंत आहे, त्याचाच अर्थ ‘सुटासुटा’ होतो. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या मुलांना डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स असा विषय असतो. त्याच्या वहीवर दरवर्षी काही मुलं दुसरं स्पेलिंग लिहितात आणि विषयाचं नाव ‘चारचौघांत न बोलायचं गणित’ असं होतं. निकालानंतर पुष्कळांच्या बाबतीत ते लागूही पडतं.

या साऱ्या भाऊबंदकीत सर्वांत मनोरंजक कुळकथा स्टेशनरीची आहे. एका स्टेशनरीत शेवटी ए आणि आर, अर्थ : जागचा न हलणारा. दुसऱ्या स्टेशनरीत ई आणि आर, अर्थ : कागद, पेनं, पाकिटं, टाचण्या. जागचं न हलणं आणि टाचण्या यांचा काय संबंध, असा प्रश्न कोणालाही पडेल. संबंध दुकानदाराचा आहे. मध्ययुगात बहुतेक व्यापारी फिरते असत. पाठीवर गाठोडं, आज या गावात, उद्या त्या. पुस्तकं विकणाऱ्याला हे परवडत नसे. त्याचं गिऱ्हाईक विद्यापीठांच्या आणि मोठ्या चर्चच्या आसपास, आणि माल असा की पावसात नेला तर लगदा. म्हणून तो एका जागी ठाण मांडून बसे. अशा ठाण मांडलेल्या दुकानदाराला लॅटिनमध्ये स्टेशनारियस म्हणत, त्याचा इंग्रजीत स्टेशनर झाला. स्टेशनर जे विकतो ते स्टेशनरी. रेल्वेचं स्टेशनही याच घराण्यातलं, गाडी थांबते म्हणून. तेव्हा स्टेशनजवळ स्टेशनरीचं दुकान असणं ही केवळ गिऱ्हाइकाची सोय नसून त्यामागे व्युत्पत्तीचं भक्कम पाठबळ आहे.

लंडनमध्ये या स्टेशनर मंडळींनी १४०३ साली आपला संघ काढला. त्याला १५५७ साली राजसनद मिळाली आणि मग संघाचे दिवस पालटले. कोणतं पुस्तक कोणी छापायचं याच्या नाड्या त्याच्या हाती आल्या. पुस्तक छापायचं तर संघाच्या वहीत नोंद हवी. शेक्सपिअरच्या नाटकांच्या नोंदीही त्याच वहीत सापडतात. एकेकाळी गाठोडं नसलेला एवढीच ओळख असलेला माणूस पुढे इंग्रजी साहित्याच्या दारावरचा रखवालदार झाला. १७८६ साली ब्रिटिश सरकारने स्वतःचं स्टेशनरी ऑफिस उघडलं. नाव ऐकून वाटावं की तिथे दौती आणि टाक मोजत बसलेले कारकून असतील. ते होतेच, पण पुढे सरकारी कागदपत्रांच्या आणि अहवालांच्या छपाईचा सारा पसारा त्याच कचेरीकडे आला.

महाराष्ट्र शासनाचाही असा विभाग आहे, मुंबईत चर्नी रोडला. मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन असं त्याचं नाव. ‘लेखनसामग्री’ हा शब्द फार सोयीचा आहे. तो वाचून कोणालाही ‘न हलणारा’ असा गैरसमज होत नाही, मग कचेरीत फाइल कितीही वेळ न हलो.

उलट दिशेची चूक जास्त गमतीची होते. पृथ्वीवरून पाहणाऱ्याला आकाशात एका जागी दिसणारे उपग्रह ते जिओस्टेशनरी. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर ते असतात. आपले इन्सॅट मालिकेतले दळणवळणाचे उपग्रह याच कक्षेतले. यांच्या स्पेलिंगात ए हवा. विद्यार्थ्याने ई घातला, की अवकाशात वह्या-पुस्तकांचं दुकान उघडतं. त्यातही मौज अशी, की हे ‘न हलणारे’ उपग्रह तासाला सुमारे ११,००० किलोमीटर वेगाने धावत असतात. पृथ्वीच्या फिरण्याशी त्यांनी ताल जमवलेला असतो, एवढंच.

मराठी गावांत मात्र स्टेशनरी हा शब्द एकटा क्वचितच दिसतो. पाटीवर असतं ‘स्टेशनरी व कटलरी’. परदेशातून आलेला पाहुणा हे वाचून सुऱ्या, काटे आणि चमचे शोधत आत शिरतो, आणि त्याला दिसतात बांगड्या, टिकल्या, रिबिनी, पिना, आरसे आणि फण्या. मराठीने कटलरीचं केलेलं हे रूपांतर कोणत्याही इंग्रजी कोशाला ठाऊक नाही, पण आठवडी बाजारात निघालेल्या बाईला ते नेमकं ठाऊक असतं.

अशा जोड्या लक्षात ठेवण्यासाठी इंग्रजी शाळांनी युक्त्या शोधून काढल्या आहेत. स्टेशनरीत ई कुठे? तर एन्व्हलप ईने सुरू होतं, म्हणून कागदाच्या स्टेशनरीत ई. डेझर्टमध्ये दोन एस कुठे? गोडाचं माणूस दुसऱ्यांदा मागतं, म्हणून खाण्याच्या डेझर्टात दोन आणि वाळवंटात एक. (ही जोडी भावांची नाही, केवळ तोंडवळा सारखा. गोडाचा डेझर्ट म्हणजे फ्रेंचांकडे टेबल आवरतानाचा पदार्थ, वाळवंटाचा डेझर्ट म्हणजे टाकून दिलेली जागा.) सर्वांत प्रसिद्ध युक्ती प्रिन्सिपलची. तत्त्व या अर्थाचा एक आणि शाळेचा मुख्य या अर्थाचा एक. दुसऱ्याच्या शेवटी येतात पी, ए, एल, म्हणजे पॅल, म्हणजे दोस्त. मुख्याध्यापक हा विद्यार्थ्याचा दोस्त असतो, असं लक्षात ठेवायचं. ही युक्ती महाराष्ट्रात फारशी रुजली नाही. ज्या पिढ्यांनी मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर ओल्या छडीचा आवाज ऐकला, त्यांना स्पेलिंग पाठ करणं सोपं वाटलं. शिवाय कर्जाच्या कागदावर मुद्दलालाही प्रिन्सिपलच म्हणतात, तेही पॅलवालंच. वीस वर्षं हप्ते भरणाऱ्याला ते दोस्त वाटण्याची शक्यता त्याहून कमी.

कॉम्प्लिमेंटची जोडी मराठी माणसाला गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत भेटते. स्मरणिकेत मजकूर चार पानं आणि जाहिराती चाळीस. जाहिरातदाराला काय जाहिरात द्यावी ते सुचलेलं नसतं, मंडळाची पोरं दारातून हलत नसतात, म्हणून तो ‘विथ बेस्ट कॉम्प्लिमेंट्स फ्रॉम’ एवढंच छापायला सांगतो आणि खाली स्वतःचं नाव देतो. पुष्कळदा नावही देत नाही, ‘एक हितचिंतक’ म्हणतो. शुभेच्छांच्या त्या शब्दात मधे आय हवा. छापखान्यातला मुद्राराक्षस तिथे ई बसवतो. मग अर्थ होतो : उत्तमोत्तम पूरकांसह, आपला हितचिंतक. भूमितीत कॉम्प्लिमेंटरी म्हणजे कोटिकोन, दोन कोन मिळून नव्वद अंश. त्याचंही स्पेलिंग ई वालं. तेव्हा पान उघडं ठेवून ‘हा हितचिंतक कोणाबरोबर नव्वद अंश करतो आहे?’ असं विचारायला हरकत नाही. हॉटेलात ही चूक थेट खिशापर्यंत येते. आय असेल तर न्याहारी फुकट. ई असेल तर न्याहारी खोलीला शोभून दिसते, पण पैसे पडतात. ई वाल्या कॉम्प्लिमेंटरी उपचारपद्धतीही फुकट नसतात, हे बिल आल्यावर कळतं.

इतिहासाच्या पेपरातली जोडी वेगळ्या जातीची आहे. शिवछत्रपतींच्या युद्धतंत्राला इंग्रजीत गरिला वॉरफेअर म्हणतात, आणि मराठीत अनेक जण बेधडक ‘गोरिला युद्ध’ लिहितात. बिचारा गोरिला! तो आफ्रिकेच्या जंगलात पालापाचोळा, कोंब आणि फळं खाऊन कुटुंबासह राहणारा, बुजरा म्हणावा असा प्राणी. त्याने कधी रसद लुटली नाही की किल्ला घेतला नाही. त्याचं नाव आलं कार्थेजच्या हॅनो नावाच्या प्राचीन दर्यावर्दीच्या वृत्तांतातून. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आपल्याला केसाळ माणसं दिसली, असं त्यात आहे, आणि ग्रीक भाषांतरात त्यांना गोरिलाई म्हटलं आहे. १८४७ साली थॉमस सॅव्हेज या अमेरिकन मिशनरी डॉक्टराने त्या जुन्या शब्दावरून या वानराला नाव दिलं. लढाईचा शब्द मात्र स्पॅनिश. गेरा म्हणजे युद्ध, त्याचं लाडकं रूप गेरिया, म्हणजे छोटंसं युद्ध. १८०८ पासून स्पेनच्या लोकांनी नेपोलियनच्या फौजांना डोंगरदऱ्यांतून जे हैराण केलं, त्यातून तो इंग्रजीत शिरला. तेव्हा गरिला वॉर म्हणजे ‘छोट्या युद्धाचं युद्ध’, गाईचं गोमूत्र आणि पिवळं पीतांबर यांच्याच पंगतीतलं. इंग्रजीत या दोन्ही शब्दांचे उच्चार इतके जवळ आहेत की मराठी विद्यार्थ्याला दोष देणं अन्यायाचं होईल. पण त्याला मुळात त्या वाटेला जायची गरज काय? मुघलांचे बखरकार मराठ्यांना ‘गनीम’, म्हणजे शत्रू म्हणत. शत्रूने ठेवलेलं ते नाव मराठीने अभिमानाने आपल्या डावपेचाला लावलं आणि ‘गनिमी कावा’ झाला. त्यात वानराला शिरायला फट नाही.

देवनागरीत आले की मात्र इंग्रजीतले न भांडणारे शब्दही एकमेकांच्या अंगावर येतात. ‘वेस्ट’ हे एकच पाहावं. पश्चिम दिशा वेस्ट, कंबर वेस्ट, बनियन वेस्ट आणि वाया जाणंही वेस्ट. इंग्रजाला हे तीन वेगळे ध्वनी आहेत, फक्त कंबर आणि वाया जाणं यांचा उच्चार एकच. मराठी ‘व’ ओठ आणि दात यांच्यामध्ये कुठेतरी तडजोड करून बसलेला असल्याने आपल्याला एकच. शिंप्याकडे वेस्ट छत्तीस असते, वांद्र्याला वेस्टला उतरायचं असतं, चुकून ईस्टला उतरलं तर अर्धा तास वेस्ट जातो, आणि सोसायटीच्या सूचना फलकावर ‘वेट वेस्ट’ वेगळं ठेवायला सांगितलेलं असतं. त्यातलं वेट हे वजन, वाट पाहणं की ओलेपण, हे डब्याच्या रंगावरून ठरवायचं. महापालिकेने ‘ओला कचरा’ लिहिलं तेव्हाच लोकांना ते कळलं. पेनचंही तसंच. डॉक्टरांनी लिहून दिलेलं पेनकिलर मराठीत वाचलं, तर ते लेखकांच्या मुळावर उठलेलं औषध वाटतं. आणि ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर प्रोस्टेटचं ऑपरेशन कायम प्रोस्ट्रेटचं होतं. जास्तीच्या त्या एका र-काराने ग्रंथीचा साष्टांग दंडवत होतो.

हे सारं परक्या भाषेत शिकणाऱ्यांचं म्हणून सोडून द्यावं, तर ज्यांची ही आईची भाषा आहे त्यांचे पराक्रम पाहावेत. चीनने अमेरिकी नौदलाचं पाण्याखालचं ड्रोन पकडलं तेव्हा, डिसेंबर २०१६ मध्ये, डोनाल्ड ट्रम्प यांना ही कृती ‘अभूतपूर्व’ आहे असं म्हणायचं होतं. अनप्रेसिडेंटेड या शब्दाचं त्यांनी जे स्पेलिंग केलं, त्यात प्रेसिडेंट हा शब्द सबंध येऊन बसला. ते स्वतः महिनाभरात प्रेसिडेंट होणार होते, त्यामुळे मनी वसे ते टंकी दिसे. २०२२ साली अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहातल्या मार्जोरी टेलर ग्रीन यांनी हिटलरच्या गेस्टापो पोलिसांची आठवण करून देताना गॅझपाचो पोलीस म्हटलं. गॅझपाचो हे टोमॅटोचं गार सूप आहे, स्पेनमध्ये उन्हाळ्यात पितात. आणि टेक्सास विद्यापीठात २०१२ साली पदवीदानाच्या कार्यक्रमपत्रिकेवर ‘स्कूल ऑफ पब्लिक अफेअर्स’ मधल्या पब्लिकचा एल गळाला. उरलेल्या शब्दाचा अर्थ इथे देता येत नाही, शब्दकोशात पाहावा. विद्यापीठाने माफी मागितली आणि पत्रिका नव्याने छापल्या.

या शेवटच्या चुकीत संगणकही काही करू शकत नव्हता. स्पेलिंग तपासणारा प्रोग्राम शब्द कोशात आहे की नाही एवढंच बघतो, आणि तो शब्द कोशात आहे. कधी तर संगणक स्वतःच चूक पुरवतो. मधली आडवी रेघ न देता ‘कोऑपरेशन’ लिहिलं की एकेकाळी काही प्रोग्राम त्याच्या जागी ‘क्युपर्टिनो’ सुचवत. हे कॅलिफोर्नियातल्या एका गावाचं नाव. युरोपीय संघाच्या आणि नाटोच्या कागदपत्रांत त्यामुळे राष्ट्रांमध्ये सहकार्य वाढण्याऐवजी क्युपर्टिनो वाढत असलेलं सापडतं.

इंग्रजी रंगभूमीने या सवयीचं बारसं कधीच केलं आहे. शेरिडनच्या १७७५ सालच्या ‘द रायव्हल्स’ या नाटकात मिसेस मॅलाप्रॉप नावाच्या बाई आहेत. नाईलकाठच्या मगरीला म्हणायचं असतं ॲलिगेटर, तर त्या म्हणतात ॲलेगरी, म्हणजे रूपककथा. त्यांच्या आडनावावरून अशा चुकीला मॅलाप्रॉपिझम म्हणतात. नाईलमध्ये ॲलिगेटर नसतात, मगरी असतात, म्हणजे बाईंनी बरोबर शब्द वापरला असता तरी तो चुकलाच असता. हा विनोद शेरिडनने मुद्दाम केला की त्याच्याकडून झाला, यावर वाद घालायला मोकळीक आहे.

काही वेळा मात्र हसू आवरावं लागतं. ब्रिटनमधल्या कंपन्यांची नोंद ठेवणाऱ्या सरकारी कचेरीने २००९ साली ‘टेलर अँड सन’ या दिवाळ्यात निघालेल्या कंपनीऐवजी ‘टेलर अँड सन्स’ या कार्डिफच्या चालत्या कंपनीपुढे ती नोंद केली. एका एसचा फरक. चूक काही दिवसांत दुरुस्त झाली, पण तोवर बातमी पतमापन संस्थांकडे गेली होती. पुरवठादारांनी उधारी बंद केली, गिऱ्हाइकांनी कामं काढून घेतली आणि शंभराहून अधिक वर्षं चाललेली, अडीचशेच्या आसपास माणसं पोसणारी कंपनी काही आठवड्यांत कोसळली. २०१५ साली लंडनच्या उच्च न्यायालयाने सरकारी कचेरीला जबाबदार धरलं.

औषधांच्या नावांत तर हा खेळ जिवावरचा. आम्लपित्तावरचं लोसेक आणि लघवी वाढवणारं लेसिक्स यांत घोटाळे होऊ लागले, तेव्हा अमेरिकेत १९९० साली लोसेकचं नाव बदलून प्रिलोसेक करावं लागलं. २०१६ साली नैराश्यावरच्या ब्रिन्टेलिक्सचं ट्रिन्टेलिक्स झालं, कारण रक्ताच्या गुठळ्यांवरचं ब्रिलिंटा त्याच्या फार जवळ जात होतं. भारतात फाल्सिगो आणि फाल्सिटॅब या मलेरियावरच्या दोन औषधांचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मौज अशी, की भांडणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या नावांतही कॅडिला हा शब्द सामाईक होता. २००१ सालच्या त्या निकालात न्यायालयाने सांगितलं, की औषधांच्या बाबतीत नावांचं साम्य इतर वस्तूंपेक्षा अधिक कडकपणे तपासायला हवं. डॉक्टरांचं अक्षर हा मुद्दा न्यायालयापुढे असो वा नसो, औषधाच्या दुकानात तो रोज असतो.

आता एवढं सगळं इंग्रजांच्या पदरात घातल्यावर मराठीनेही स्वतःच्या पदराकडे बघायला हवं. ‘पाणि’ म्हणजे हात आणि ‘पाणी’ म्हणजे पाणी. लग्नपत्रिकेत ‘पाणीग्रहण’ छापलं की वर वधूचा हात धरण्याऐवजी हंडा घेऊन नळावर जातो. ‘सुत’ म्हणजे मुलगा, ‘सूत’ म्हणजे सारथी किंवा दोरा. ‘मिलन’ म्हणजे भेट, ‘मीलन’ म्हणजे डोळे मिटणं. स्नेहमीलनाला गेलेल्या पाहुण्यांनी भाषणं चालू असताना डोळे मिटले, तर ते पत्रिकेला धरूनच वागले म्हणायचे. आणि सर्वांत सार्वजनिक घोटाळा ‘दिन’ आणि ‘दीन’ यांचा. दरवर्षी कुठे ना कुठे ‘प्रजासत्ताक दीन’ साजरा होतो, आणि प्रजासत्ताकाची एवढी वाईट अवस्था का झाली, असा प्रश्न पडतो.

पण फलक रंगवणारा मनाला येईल तसं काढत नसतो. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ साली शासनाने स्वीकारले. त्यांत म्हटलं आहे, की शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार किंवा उकार दीर्घ लिहावा : गरीब, वकील, फूल. रंगारी त्याच नियमाने ‘दीन’ काढतो. त्याला न सांगितलेली गोष्ट एवढीच, की संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द या नियमातून वगळलेले आहेत आणि ‘दिन’ त्यांतला आहे. तेव्हा पुढच्या २६ जानेवारीचा फलक रंगवायला देताना कागदावर मजकूर स्वच्छ लिहून द्या, ‘दि’ ह्रस्व काढा म्हणून तोंडानेही सांगा, आणि रंग वाळण्याआधी एकदा जाऊन बघून या.